ग्रहांच्या हवामानाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञाची कारकीर्द : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या क्षेत्राकडे वळू पाहणारे विद्यार्थी, त्यांचे पालक आणि बातम्या वाचून कुतूहल जागे झालेले वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एकच मुद्दा दोन ठिकाणी येतो तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ग्रहांच्या हवामानाचा अभ्यास करणारी व्यक्ती खगोलशास्त्रज्ञ असते की हवामानशास्त्रज्ञ?

दोन्हींपैकी काहीही असू शकते. पाटीवरचे नाव बहुतेक वेळा विद्यापीठाच्या कोणत्या विभागात जागा मिळाली त्यावर ठरते. कामाचा गाभा मात्र एकच आहे. ताऱ्याकडून ग्रहाला मिळणारी ऊर्जा वातावरणात कुठे शोषली जाते, वारे आणि ढग ती कुठे वाहून नेतात आणि शेवटी उष्णतेच्या रूपाने ती अवकाशात कशी परत जाते, याचा हिशेब मांडायचा असतो. पृथ्वीसाठी हा हिशेब मांडणाऱ्याच्या हाताशी उपग्रह, फुगे, जहाजे आणि हजारो वेधशाळांच्या नोंदी असतात. शुक्रासाठी किंवा टायटन या शनीच्या चंद्रासाठी तो मांडणाऱ्याला काही मोजकी याने आणि दुर्बिणींतून मिळालेला प्रकाश एवढ्यावरच भागवावे लागते. त्यामुळे थोड्या मोजमापांतून किती सांगता येते आणि कुठे थांबले पाहिजे हे ओळखणे, हेच या व्यवसायातले मुख्य कौशल्य ठरते.

२. यासाठी कोणत्या विषयात पदवी घ्यावी? खगोलशास्त्रच घ्यावे लागते का?

नाही. भौतिकशास्त्र, गणित, वातावरणविज्ञान, रसायनशास्त्र, भूशास्त्र, यांत्रिक अभियांत्रिकी अशा सगळ्या वाटांनी लोक या क्षेत्रात आलेले आहेत. पदवी कोणतीही असली तरी द्रवगतिशास्त्र, उष्मागतिकी, प्रारणाचे शोषण व उत्सर्जन आणि संख्याशास्त्र या चार गोष्टी मात्र टाळता येत नाहीत. यातले शेवटचे विद्यार्थ्यांकडून सर्वाधिक दुर्लक्षित राहते आणि पुढे सर्वाधिक उपयोगी पडते (प्रश्न १० पाहा).

३. प्रोग्रामिंग आवडत नसेल तर चालेल का?

आवडले नाही तरी यावे लागेल. मोठी हवामान प्रारूपे (हवामानाची संगणकावर चालणारी गणिती प्रतिरूपे) आजही बऱ्याच अंशी फोरट्रान भाषेत आहेत आणि वेधांचे विश्लेषण प्रामुख्याने पायथनमध्ये होते. प्रयोगशाळेत वायूंचे वर्णपट (तरंगलांबीनुसार विभागलेला प्रकाश) मोजणारे किंवा यानांवरची उपकरणे घडवणारे शास्त्रज्ञ तुलनेने कमी प्रोग्रामिंग करतात. पण आपल्याच उपकरणाने पाठवलेली माहिती स्वतः वाचता न येणे त्यांनाही परवडत नाही.

४. ग्रहावर न जाता तिथल्या हवेत काय आहे आणि तिचा दाब किती आहे, हे कसे कळते?

प्रत्येक वायू प्रकाशातल्या ठरावीक तरंगलांबी शोषतो. ग्रहाकडून आलेल्या प्रकाशाचा वर्णपट घेतला की त्या जागी खाचा दिसतात आणि त्यांच्या खोली-रुंदीवरून वायूचे प्रमाण, दाब आणि तापमान यांचा अंदाज बांधता येतो. टायटनला वातावरण असल्याचा पुरावा १९४४ मध्ये खगोलशास्त्रज्ञ कुइपर यांना याच मार्गाने मिळाला. त्या वर्णपटात त्यांना मिथेनच्या खुणा सापडल्या होत्या.

दाब मोजण्याची एक देखणी पद्धत रेडिओ लहरींची आहे. यान ग्रहाच्या मागे जाऊ लागते तेव्हा त्याचा रेडिओ संदेश पृथ्वीकडे येताना ग्रहाच्या वातावरणाच्या कडेतून जातो आणि किंचित वाकतो. तो किती वाकला यावरून वातावरणाची घनता काढता येते. मरीनर ४ हे यान जुलै १९६५ मध्ये मंगळामागून गेले, त्याआधी मंगळाच्या पृष्ठभागावरील दाब ८५ मिलिबारच्या आसपास असावा असे दुर्बिणींच्या वेधांवरून मानले जात होते. मरीनरच्या संदेशावरून तो ४ ते ७ मिलिबार निघाला. एका मोजमापाने मंगळाची हवा दहा पटींहून अधिक विरळ ठरली आणि तिथे पॅराशूटच्या भरवशावर उतरण्याच्या योजना नव्याने आखाव्या लागल्या.

परावर्तित प्रकाशाचे ध्रुवीभवनही, म्हणजे त्याच्या लहरी ठरावीक दिशेतच कंप पावणेही, कामाला येते. शुक्राचे ढग सुमारे १ मायक्रॉन त्रिज्येच्या गोल थेंबांचे असून ते थेंब संहत गंधकाम्लाचे आहेत, या निष्कर्षाला १९७० च्या दशकात पृथ्वीवरून घेतलेल्या ध्रुवीभवनाच्या वेधांनी भक्कम आधार दिला. त्या विश्लेषणातले एक नाव जेम्स हॅन्सेन यांचे होते; ते पुढे प्रश्न ९ मध्ये पुन्हा येईल.

५. यान प्रत्यक्ष वातावरणात उतरवले की सगळ्या शंका मिटतात ना?

काही मिटतात आणि काही नव्याने उभ्या राहतात. ७ डिसेंबर १९९५ रोजी गॅलिलिओ मोहिमेची कुपी गुरूच्या वातावरणात शिरली आणि ५७ मिनिटे माहिती पाठवत राहिली. तिला अपेक्षेपेक्षा फारच कमी पाणी आढळले. गुरू खरोखरच कोरडा आहे असे मानले असते, तर ग्रहांच्या जन्माविषयीच्या बऱ्याच कल्पना बदलाव्या लागल्या असत्या. पण पृथ्वीवरच्या दुर्बिणींनी घेतलेल्या अवरक्त प्रतिमांवरून दिसले की कुपी नेमकी ढग विरळ असलेल्या, खाली उतरणाऱ्या कोरड्या हवेच्या एका पट्ट्यात पडली होती. एका जागेचे, एका तासाचे मोजमाप कितीही अचूक असले तरी त्याला ग्रहाचे हवामान म्हणता येत नाही. २०१६ मध्ये गुरूच्या कक्षेत पोहोचलेल्या जुनो यानावर सूक्ष्मलहरींनी खोलवरचे पाणी मोजणारे उपकरण बसवण्यामागे हीच पार्श्वभूमी होती.

दुसरे उदाहरण टायटनचे. १४ जानेवारी २००५ रोजी ह्युजेन्स कुपी तिथे उतरली. तिचे संदेश दोन वाहिन्यांवरून मातृयान कॅसिनीकडे यायचे होते. पण एका वाहिनीचा ग्राहक सुरू करण्याची आज्ञाच आज्ञावलीत राहून गेली होती. जवळपास निम्मी छायाचित्रे त्यामुळे गमावली आणि वाऱ्यांचा वेग मोजणारा प्रयोग हातचा गेल्यासारखा झाला. तो वाचला तो पृथ्वीवरच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींमुळे, कारण त्या कुपीचा अत्यंत क्षीण लहरसंकेत थेट ऐकत होत्या. त्या संकेताच्या वारंवारितेतल्या बारीक बदलांवरून टायटनचे वारे मोजता आले. असा प्रयोग कागदावर कितीही सुबक दिसो, माहिती मिळवण्याची दुसरी वाट आधीच आखून ठेवणारा गटच टिकतो.

६. पृथ्वीसाठी बनवलेले हवामान प्रारूप दुसऱ्या ग्रहासाठी वापरता येते का?

येते, आणि सुरुवात तशीच झाली. १९६९ मध्ये लिओव्ही आणि मिंट्झ यांनी पृथ्वीच्या वातावरणासाठी तयार केलेले प्रारूप मंगळाला लावले. पण फक्त ग्रहाची त्रिज्या, गुरुत्वाकर्षण आणि दिवसाची लांबी बदलून भागत नाही. मंगळावर हिवाळ्यात ध्रुवाकडे कार्बन डायऑक्साइडच गोठून जमिनीवर बसतो. तिथल्या हवेचा सुमारे ९५ टक्के भाग त्याच वायूचा असल्याने संपूर्ण ग्रहाचा हवेचा दाब वर्षभरात साधारण पाव ते एक-तृतीयांश एवढा खालीवर होतो. पृथ्वीच्या प्रारूपात हवेचे एकूण वस्तुमान जवळपास स्थिर धरलेले असते. मंगळासाठी तीच गृहीतके मुळापासून सोडवून पुन्हा बांधावी लागतात. नवा विद्यार्थी मंगळाचे प्रारूप प्रथमच काही वर्षांसाठी चालवतो, तेव्हा दाबाचा आलेख दरवर्षी किंचित खाली सरकत गेलेला दिसणे ही नेहमीची गोष्ट आहे. कुठेतरी गोठलेल्या वायूचा हिशेब परत वातावरणात जमा होत नसतो आणि ती गळती शोधण्यात आठवडे जातात.

शुक्राची अडचण वेगळी. तो ग्रह स्वतःभोवती फिरायला २४३ दिवस घेतो, पण त्याच्या ढगांच्या माथ्यावरची हवा सुमारे ४ दिवसांत ग्रहाला फेरी मारते. हा वेग टिकून कसा राहतो हे प्रारूपांना दीर्घकाळ नीट दाखवता आले नाही; जपानच्या अकात्सुकी यानाच्या वेधांनंतर सौर उष्णतेमुळे उठणाऱ्या वातावरणीय भरती-लहरींचे त्यातले महत्त्व बरेच स्पष्ट झाले. जे प्रारूप पृथ्वीवर व्यवस्थित चालते ते शुक्रावर अडखळते, तेव्हा पृथ्वीसाठी आपण नकळत कोणत्या सोयी करून घेतल्या होत्या हे उघड होते. माझ्या मते या शाखेचे सर्वांत मोठे शैक्षणिक मूल्य इथेच आहे.

७. पीएच.डी. ते कायमस्वरूपी पद, यात किती वर्षे जातात? रोजचे काम कसे असते?

देश आणि विद्यापीठाप्रमाणे पीएच.डी.ला साधारण ३ ते ६ वर्षे लागतात. त्यानंतर दोन-तीन वर्षांच्या कराराच्या पोस्टडॉक जागा येतात आणि बहुतेकांना अशा एकाहून अधिक जागांवर, बरेचदा वेगवेगळ्या देशांत, काम करावे लागते. पस्तिशी गाठेपर्यंत स्थैर्य न मिळणे हे अपवादात्मक नाही. पालकांना हे आधीच स्पष्ट सांगितलेले बरे.

रोजच्या कामात आकाशाकडे पाहणे जवळपास नसते. प्रारूपातल्या चुका शोधणे, वेधांतला उपकरणजन्य दोष वेगळा काढणे, सहकाऱ्यांचे शोधनिबंध तपासणे आणि प्रस्ताव लिहिणे यांत दिवस जातो. प्रस्तावलेखनाला कमी लेखू नये. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या वेळेसाठी २०२५ च्या फेरीत उपलब्ध वेळेच्या सुमारे ९ पट मागणी आली होती. तिथे अर्जदारांची नावे परीक्षकांपासून लपवली जातात, त्यामुळे नवख्या शास्त्रज्ञाचा नेमका मांडलेला प्रश्न नामवंताच्या ढिसाळ प्रस्तावावर मात करू शकतो.

८. एखादी मोहीम फसली तर तिच्यावर काम करणाऱ्यांची कारकीर्द बुडते का?

धक्का मोठा असतो, पण उत्तर बहुधा ‘नाही’ असेच आहे. मंगळाच्या वातावरणातले तापमान, धूळ आणि बाष्प उंचीनुसार मोजणारे एक अवरक्त उपकरण मार्स ऑब्झर्व्हर या यानावर बसवले होते. ते यान १९९३ मध्ये मंगळाजवळ पोहोचताना संपर्काबाहेर गेले. त्याच उपकरणाची पुढची आवृत्ती मार्स क्लायमेट ऑर्बिटरवर चढवली गेली आणि १९९९ मध्ये तेही यान नष्ट झाले, कारण जमिनीवरच्या एका संगणक-प्रणालीतून येणारे बलाचे आकडे पौंडात होते आणि दुसरी प्रणाली ते न्यूटनमध्ये समजत होती. तिसऱ्या वेळी नव्याने रचलेले, हलके उपकरण मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटरवरून २००६ मध्ये मंगळाच्या कक्षेत पोहोचले. आज मंगळाच्या वातावरणाच्या उभ्या रचनेविषयी जे ठामपणे सांगता येते, त्यातले बरेचसे त्याच्या नोंदींवर उभे आहे.

अकात्सुकीचीही कथा अशीच आहे. डिसेंबर २०१० मध्ये मुख्य इंजिन निकामी झाल्याने ते शुक्राच्या कक्षेत शिरू शकले नाही. पाच वर्षे सूर्याभोवती फिरल्यावर डिसेंबर २०१५ मध्ये दिशा बदलण्यासाठीच्या छोट्या इंजिनांच्या बळावर त्याला कक्षेत आणले गेले. मधल्या काळात गटातले लोक जुन्या मोहिमांच्या नोंदींवर आणि प्रारूपांवर काम करत राहिले. आपला सगळा प्रबंध एकाच न उडालेल्या यानावर टांगू नये, हा सल्ला मार्गदर्शक देतात तो यामुळेच. जुन्या मोहिमांच्या नोंदी ग्रहविज्ञानाच्या सार्वजनिक संग्रहांत कोणालाही विनामूल्य उपलब्ध असतात, त्यामुळे मोठ्या संस्थेत नसलेल्या विद्यार्थ्यालाही सुरुवात करता येते.

९. दूरच्या ग्रहांचा अभ्यास पृथ्वीच्या हवामानबदलाच्या काय कामाचा? पृथ्वीचा शुक्र होईल का?

माणसांच्या पातळीवर हा संबंध थेट आहे. हॅन्सेन यांचा पीएच.डी.चा विषय शुक्राचे वातावरण हा होता. त्यांचे नाव पुढे पृथ्वीच्या तापमानवाढीच्या संशोधनाशी जोडले गेले. १९७१ मध्ये मरीनर ९ मंगळाशी पोहोचले तेव्हा ग्रहभर धुळीचे वादळ होते. धुळीमुळे वरची हवा तापते आणि जमीन थंड राहते, हे तिथे दिसले. त्याच पद्धतीचे गणित वापरून १९८३ मध्ये टर्को, टून, अॅकरमन, पोलॅक आणि सेगन यांनी अणुयुद्धाच्या काजळीने पृथ्वी किती थंडावेल याचा अंदाज मांडला.

शुक्राविषयीचा प्रश्न मात्र जपून हाताळावा लागतो. शुक्राच्या पृष्ठभागावर सुमारे ४६५ अंश सेल्सिअस तापमान आणि पृथ्वीच्या सुमारे ९२ पट दाब आहे. तो सूर्याच्या जवळ असल्याने तापला, हे उत्तर अपुरे आहे. त्याचे ढग एवढा प्रकाश परतवतात की आज शुक्र प्रत्यक्षात पृथ्वीपेक्षाही कमी सौरऊर्जा शोषतो. तापमान टिकवून धरते ते कार्बन डायऑक्साइडचे जाड आवरण. तिथल्या बाष्पात जड हायड्रोजनचे प्रमाण पृथ्वीच्या तुलनेत सुमारे शंभर पट किंवा त्याहून अधिक आहे, आणि हलका हायड्रोजन अवकाशात अधिक सहज निसटतो, यावरून शुक्राने कधीकाळी बरेच पाणी गमावले असे दिसते.

पृथ्वीवर शुक्रासारखी, तापमान वाढतच जाणारी अनियंत्रित अवस्था येण्यासाठी शोषलेली ऊर्जा बाष्पयुक्त वातावरणातून बाहेर पडू शकणाऱ्या उष्णतेच्या कमाल मर्यादेपलीकडे जावी लागेल. ही मर्यादा दर चौरस मीटरला सुमारे २८० वॅट आहे आणि पृथ्वी आज सुमारे २४० वॅट शोषते. केवळ जीवाश्म इंधने जाळून ती ओलांडली जाईल असे बहुतेक तज्ज्ञ मानत नाहीत. सूर्य दर १०० कोटी वर्षांनी सुमारे १० टक्के प्रखर होत असल्याने दूरच्या भविष्यात ती ओलांडली जाईल. माणसांना, पिकांना आणि किनाऱ्यांना त्रास होण्यासाठी मात्र त्या मर्यादेच्या जवळपासही जावे लागत नाही.

१०. ‘मंगळही तापतो आहे, म्हणजे सूर्यच कारण आहे’ या दाव्यात तथ्य आहे का?

नाही. सूर्याकडून येणारी ऊर्जा १९७८ पासून उपग्रहांवरून थेट मोजली जाते आणि तीत पृथ्वीच्या तापमानवाढीला पुरेल अशी वाढ दिसत नाही. मंगळावरचे बदल प्रामुख्याने धुळीचे असतात: वादळांनी गडद खडक उघडे पडले की जमीन अधिक उष्णता शोषते, फिकट धूळ पसरली की कमी. मंगळाची कक्षा पृथ्वीपेक्षा बरीच लंबवर्तुळाकार असल्याने तिथले ऋतूही असमान असतात. मोजक्या वर्षांच्या तुलनेवरून ग्रहाच्या हवामानाची दिशा ठरवणे, ही प्रश्न २ मध्ये सांगितलेल्या संख्याशास्त्राच्या दुर्लक्षाची नमुनेदार चूक आहे.

११. टायटन आणि प्लूटो तर ग्रह नाहीत. मग ते या अभ्यासात का येतात?

वातावरणाचे नियम एखाद्या पिंडाला आपण काय म्हणतो ते पाहून चालत नाहीत. टायटनवर नायट्रोजनची हवा आहे, पृष्ठभागावरील दाब पृथ्वीच्या सुमारे दीडपट आहे आणि उणे १८० अंशांच्या आसपासच्या थंडीत मिथेनचे ढग, पाऊस व सरोवरे आहेत. पृथ्वीच्या जलचक्राशी ताडून पाहण्याजोगे दुसरे चक्र सूर्यमालेत इतरत्र नाही. प्लूटोची हवा अत्यंत विरळ असूनही न्यू होरायझन्स यानाला २०१५ मध्ये तिच्यात धुरक्याचे थरच्या थर दिसले.

१२. ‘जीवसृष्टीची खूण सापडली’ अशा बातम्यांवर शास्त्रज्ञ थंडपणे का बोलतात?

कारण यातली बरीच प्रकरणे त्यांनी जवळून पाहिलेली असतात. सप्टेंबर २०२० मध्ये शुक्रावर फॉस्फीन (पृथ्वीवर सूक्ष्मजीवांशी जोडला जाणारा वायू) आढळल्याचे जाहीर झाले. पुढे वेधांच्या प्रमाणीकरणातला दोष दुरुस्त केल्यावर प्रमाण बरेच खाली आले आणि इतर गटांना तो वायू सापडला नाही. मंगळावर क्युरिऑसिटी गाडी अब्जांश प्रमाणात मिथेन मोजते, तर वरून पाहणाऱ्या ट्रेस गॅस ऑर्बिटरला तो त्याहून कितीतरी कमी पातळीपर्यंतही दिसत नाही. हा विरोध अद्याप सुटलेला नाही. दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या के२-१८बी या ग्रहावर २०२३ मध्ये मिथेन आणि कार्बन डायऑक्साइडच्या खुणा दिसल्या. मात्र डायमिथाइल सल्फाइडविषयीचा (पृथ्वीवर हा वायू मुख्यतः सागरी सूक्ष्मजीवांपासून येतो) दावा त्याच नोंदी वेगळ्या पद्धतीने तपासणाऱ्यांना पुरेसा ठाम वाटला नाही.

अडचण कुठे आहे ते पाहण्यासाठी आकडेच पाहावेत. वॅस्प-३९बी हा फुगीर वायुग्रह आपल्या ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा प्रकाश सुमारे २ टक्क्यांनी कमी होतो. कार्बन डायऑक्साइडच्या ४.३ मायक्रॉन तरंगलांबीवर ही घट जेमतेम एक-दोन दशांश टक्क्यांनी वाढते, आणि २०२२ मध्ये मिळालेला तो संकेत या क्षेत्रात अगदी ठळक मानला गेला. छोट्या खडकाळ ग्रहांचा संकेत याच्या कैक पटींनी दुबळा असतो. त्यात ताऱ्यावरच्या डागांचा परिणाम मिसळला की ग्रहाच्या हवेत दिसणारे बाष्प प्रत्यक्षात ताऱ्याच्या थंड डागांतले निघू शकते.

१३. ग्रहाला वातावरणच नाही असे निघाले, तर त्यावर घालवलेला दुर्बिणीचा वेळ वाया गेला का?

नाही, तोही निष्कर्षच आहे, फक्त त्याची बातमी कमी होते. सुमारे ४० प्रकाशवर्षे दूर असलेल्या ट्रॅपिस्ट-१ या लाल बटू ताऱ्याभोवती सात खडकाळ ग्रह आहेत. २०२३ मध्ये वेब दुर्बिणीने १५ मायक्रॉनवर सर्वांत आतल्या ग्रहाची दिवसाची बाजू सुमारे २३० अंश सेल्सिअस तापलेली मोजली. दाट हवा असती तर तिने उष्णता रात्रीच्या बाजूला वाहून नेली असती आणि दिवसाची बाजू एवढी तापली नसती. म्हणून हा ग्रह उघडा खडक असावा असे मानले गेले. दुसऱ्या ग्रहाचे तापमान सुमारे १०७ अंश आले आणि तिथे शुक्रासारखे जाड आवरण असण्याची शक्यता बरीच मावळली.

इथेही अपवाद आहेच. पहिल्या ग्रहाचे १२.८ मायक्रॉनवर घेतलेले वेध जोडल्यावर असे दिसले की धुरक्याने झाकलेले कार्बन डायऑक्साइडचे वातावरणही दोन्ही आकडे समजावून देऊ शकते, कारण धुरक्याने तापलेल्या वरच्या थरांतून तो वायू प्रकाश शोषण्याऐवजी बाहेर टाकतो. उघडा खडक ही शक्यता अजूनही वरचढ मानली जाते. ती पक्की करण्यासाठी ग्रह ताऱ्याभोवती संपूर्ण फेरी मारत असताना त्याचे तापमान सलग मोजावे लागते. रात्रीची बाजू पूर्ण थंड निघाली, तर उष्णता वाहून नेणारी हवा तिथे नाही असे म्हणता येते.